निर्मनुष्य किनाऱ्यावरच्या टेकड्यांना नावे देताना

लासलगावच्या उत्तरेला चांदवडची डोंगररांग आहे. इंद्राई, राजधेर, कोळधेर, पश्चिमेकडे धोडप आणि त्यापुढे सप्तशृंग, पूर्वेला मनमाडजवळ अंकाई-टंकाई. ह्या नावांचा कर्ता कोणी एक माणूस नाही. देवीच्या ठाण्यावरून, कड्याच्या घडणीवरून, गडावर नांदलेल्या लोकांवरून ती पिढ्यान्‌पिढ्या रुजली. इंग्रजी अमलात सर्वेक्षण खात्याची माणसे थिओडोलाइट घेऊन दख्खनच्या माथ्यांवर चढली, तेव्हा डोंगराची उंची त्यांनी मोजली. नाव मात्र पायथ्याच्या माणसाला विचारले.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर विचारायला कोणी नव्हते. तिथे गुराखी नव्हता, पाटील नव्हता, देवळाचा गुरव नव्हता. तरीही आज त्या किनाऱ्यावरच्या बिनबर्फाच्या टेकड्यांना, त्यांच्यामधल्या खाड्यांना आणि तळ्यांना शेकडो नावे आहेत, आणि त्यांतली काही भारतीय आहेत. ही नावे कोणी, कशासाठी आणि कोणत्या अधिकाराने दिली, हा विसाव्या शतकाच्या इतिहासातला एक विलक्षण भाग आहे. त्याची सुरुवात भूगोलाच्या कुतूहलातून झाली असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती चरबीतून झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती युरोपला सापडली. पुढे आपल्याकडे वनस्पती तुपाचे डबे आले ते ह्याच प्रक्रियेतून. युरोपात तिच्यामुळे देवमाशाच्या तेलाचे मार्गारीन होऊ लागले, आणि लोण्याला महाग झालेल्या कामगार कुटुंबांच्या पावावर दक्षिण महासागरातला देवमासा येऊन बसला. ह्या धंद्यात नॉर्वे सगळ्यांच्या पुढे होता. सुरुवातीला शिकार किनाऱ्यावरच्या तळांवर ओढून आणावी लागे, आणि ती बेटे ब्रिटनच्या ताब्यात असल्याने परवाना व कर ब्रिटनला द्यावा लागे. १९२५च्या सुमारास पाठीमागे उतरता घसरमार्ग असलेली कारखाना-जहाजे आली. देवमासा सरळ जहाजावर ओढायचा आणि भर समुद्रातच त्याचे तेल काढायचे. किनाऱ्याच्या तळाची गरज संपली, परवान्याचे जोखड सुटले, आणि शिकारी जहाजे बर्फाच्या कडेकडेने नव्या पाण्यात शिरली. १९३०-३१च्या एका हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात ४० हजारांहून अधिक देवमासे मारले गेले. हा आकडा वाचताना आजही मन सुन्न होते, आणि त्या किनाऱ्याचा नकाशा वाचताना तो विसरता येत नाही.

नॉर्वेतल्या सांदेफ्योर्ड गावचा लार्स क्रिस्टेन्सन हा ह्या धंद्यातला मोठा जहाजमालक. नवे शिकारक्षेत्र शोधायचे, आणि शोधलेल्या किनाऱ्यावर नॉर्वेचा हक्क उभा राहील एवढी कागदोपत्री तयारी ठेवायची, असे त्याचे दुहेरी धोरण होते. १९२७पासून दहा वर्षे त्याने स्वखर्चाने मोहिमा पाठवल्या. स्पर्धक दूर नव्हता. डग्लस मॉसन हा ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिक १९२९ ते १९३१ ह्या काळात ‘डिस्कव्हरी’ जहाजातून त्याच किनाऱ्याने फिरत होता आणि ब्रिटिश राजाच्या नावाने भूमी जाहीर करत होता. जानेवारी १९३०मध्ये मॉसनची आणि क्रिस्टेन्सनच्या मोहिमेवरच्या रीसर-लार्सन ह्या नॉर्वेजियन वैमानिकाची जहाजे बर्फातच एकमेकांना भेटली. एकाने पश्चिमेला काम करावे, दुसऱ्याने पूर्वेला, असे दोघांनी तोंडी ठरवले. एका खंडाच्या किनाऱ्याची अशी वाटणी दोन जहाजांवरच्या माणसांनी केली, ही गोष्ट मला नेहमी थक्क करते. मॉसनच्या मोहिमेने दिलेल्या नावांमध्ये पैशाची छाप स्पष्ट दिसते. मॅक रॉबर्टसन भूमी हे नाव मोहिमेला देणगी देणाऱ्या मेलबर्नच्या चॉकलेट कारखानदाराचे आहे, आणि तिच्या पूर्वेची प्रिन्सेस एलिझाबेथ भूमी ही तेव्हा लहान असलेल्या राजकन्येच्या नावाची. १९३३मध्ये ब्रिटनने हा सगळा टापू ऑस्ट्रेलियाच्या हवाली केला.

नॉर्वेच्या जहाजांनी मात्र तिकडे जाणे सोडले नाही. फेब्रुवारी १९३५मध्ये क्रिस्टेन्सनचे ‘थॉर्सहावन’ हे जहाज घेऊन कप्तान क्लारियस मिकेल्सन प्रिड्झ उपसागराच्या कडेला पोचला. दक्षिण अक्षांश ६९च्या पलीकडचा हा किनारा. सगळीकडे पांढरे असताना मध्येच तपकिरी, उघड्या खडकाच्या टेकड्या दिसल्या. त्या त्याने नकाशावर उतरवल्या, आणि त्यांना लार्समन टेकड्या हे नाव पडले. जवळच ईशान्येला तशाच आणखी मोठ्या टेकड्या होत्या. त्यांना नॉर्वेतल्या देवमासे पकडणाऱ्यांच्या जिल्ह्याचे, वेस्टफोल्डचे, नाव मिळाले. सगळ्या किनाऱ्याला मालकाच्या पत्नीचे, इन्ग्रिड क्रिस्टेन्सनचे. २० फेब्रुवारीला कप्तान आणि त्याची पत्नी कॅरोलिन वेस्टफोल्ड भागात नावेने उतरले, दगडांची रास रचली, झेंडा लावला. अंटार्क्टिकावर उतरलेली पहिली स्त्री म्हणून कॅरोलिनची नोंद झाली. ती जागा मुख्य भूमीवरची की लगतच्या बेटावरची, हा वाद अभ्यासकांकडे सोपवलेला बरा. तिच्या नावाचे शिखर त्या किनाऱ्यावर आहे.

१९३६-३७मध्ये क्रिस्टेन्सन स्वतः पत्नी, मुलगी आणि आणखी दोन स्त्रियांना घेऊन पुन्हा आला. त्या चौघींच्या सन्मानार्थ प्रिड्झ उपसागराच्या तळाशी असलेल्या एका उथळ भागाला ‘चार स्त्रियांचा’ असे नाव देण्यात आले. ह्या खेपेला बरोबर समुद्रविमान होते. वैमानिक विग्गो विडेरो किनाऱ्याला समांतर उडत राहिला आणि विमानातून तिरप्या कोनात सुमारे २,२०० छायाचित्रे काढली गेली. त्यांवरून एच. ई. हान्सेन ह्या नॉर्वेजियन नकाशाकाराने तयार केलेला नकाशासंग्रह मध्ये महायुद्ध आल्याने १९४६मध्ये प्रसिद्ध झाला. लार्समन टेकड्यांमधली स्टोर्नेस आणि ब्रोक्नेस ही दोन मोठी भूशिरे नॉर्वेजियन नावांनीच ओळखली जातात, ती ह्या कामाची ठेव आहे. तिथे तोवर कोणी चालले नव्हते. वरून पाहूनच नावे देऊन झाली होती.

वरून पाहण्याचा मोह जर्मनीलाही झाला, आणि कारण तेच. जर्मनी मार्गारीनसाठी देवमाशाचे तेल मोठ्या प्रमाणावर नॉर्वेकडून विकत घेत होता, आणि परकीय चलन वाचवणे हे नाझी नेता गोअरिंग ह्याच्या चतुर्वार्षिक योजनेचे मुख्य सूत्र होते. अंटार्क्टिकात स्वतःचे शिकारक्षेत्र हवे म्हणून आल्फ्रेड रिट्शर ह्या कप्तानाच्या नेतृत्वाखाली ‘श्वाबेनलांड’ जहाज १९३८च्या अखेरीस निघाले. हे जहाज मुळात दक्षिण अटलांटिकवरून टपाल नेणाऱ्या विमानांसाठी होते; डेकवरच्या गोफणीतून ते विमान आकाशात फेकत असे. बातमी लागताच नॉर्वेने १४ जानेवारी १९३९ला घाईने ड्रोनिंग मॉड भूमीवर हक्क जाहीर केला. जर्मन जहाज काही दिवसांनी पोचले. ‘बोरेआस’ आणि ‘पासाट’ ह्या दोन डॉर्निअर विमानांनी अवघ्या काही आठवड्यांत ११ हजारांवर छायाचित्रे काढली आणि हद्द दाखवण्यासाठी स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे भाले बर्फात टाकले. ‘बोरेआस’चा वैमानिक रिशार्डहाइनरिश शिरमाकर ह्याला बर्फाच्या चादरीला लागून तळ्यांनी भरलेली खडकाळ टेकड्यांची लांबट पट्टी दिसली. ते शिरमाकर ओअ‍ॅसिस. मागच्या उत्तुंग डोंगररांगेला मोहिमेची आर्थिक जुळवाजुळव करणाऱ्या हेल्मुट वोलथाट ह्या अधिकाऱ्याचे नाव मिळाले. युद्धात बहुतेक छायाचित्रे नष्ट झाली. भाल्यांनी कोणताही हक्क सिद्ध झाला नाही. वैमानिकाचे आणि अर्थाधिकाऱ्याचे नाव मात्र टिकले.

अशा उघड्या टेकड्या तिथे होतात कशा, हे इथे सांगायला हवे, कारण पुढचा सगळा इतिहास त्यांच्या ह्या गुणावर उभा आहे. खंडाच्या मध्यावरून किनाऱ्याकडे सरकणारा बर्फ काही ठिकाणी उंचवट्याला अडतो आणि बाजूने वळतो. पठारावरून उतरणारा जोरकस वारा पडलेला हिम झाडून नेतो. एकदा का काळा-तपकिरी खडक उघडा पडला, की उन्हाळ्यातले चोवीस तासांचे ऊन तो शोषतो, भोवतालचा बर्फ वितळतो आणि खळग्यांत तळी साचतात. लार्समन टेकड्यांचे क्षेत्र जेमतेम ४० चौरस किलोमीटर, आणि त्यात गोड्या पाण्याची १५०हून अधिक तळी आहेत. शिरमाकर त्याहूनही थोडे लहान. गोठलेल्या खंडावर पक्का खडक आणि वाहते पाणी एकत्र मिळण्याच्या जागा इतक्या थोड्या आहेत, की ज्याला तिथे राहायचे आहे त्याला अखेर ह्या टेकड्यांकडे यावेच लागते.

छायाचित्रांत एक मोठी उणीव होती. विमानातून काढलेल्या चित्रावर टेकडीचा आकार कळतो, पण ती पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे ते कळत नाही. त्यासाठी जमिनीवरच्या काही बिंदूंचे अक्षांश-रेखांश तिथे उभे राहून मोजावे लागतात. अमेरिकेने १९४६-४७च्या उन्हाळ्यात तेरा जहाजे आणि हजारो माणसे पाठवून किनाऱ्याची हजारो छायाचित्रे काढली. त्याच मोहिमेत फेब्रुवारी १९४७मध्ये डेव्हिड बंगर ह्या वैमानिकाने बर्फामधल्या तळ्यांच्या प्रदेशात विमान उतरवले, आणि वृत्तपत्रांनी दक्षिण ध्रुवाकडे उबदार नंदनवन सापडल्याचा गजर केला. तिथले पाणी समुद्राचे निघाले आणि उबदारपणा उन्हात तापलेल्या खडकापुरता. पण चित्रांच्या ढिगाऱ्यातून नकाशा काढायला बसल्यावर जमिनीवरचे बिंदूच नाहीत हे ध्यानात आले, आणि पुढच्याच हंगामात केवळ ते बिंदू ठरवण्यासाठी दुसरी मोहीम पाठवावी लागली. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, म्हणून तारे दिसत नाहीत. सूर्यावरूनच स्थान काढावे लागते. चुंबकीय ध्रुव दूर नसल्याने होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून कित्येक अंश फिरलेली असते. अशा अडचणींत ऑस्ट्रेलियाच्या फिलिप लॉने १९५४पासून ह्या किनाऱ्यावर पायी काम सुरू केले. १९५७मध्ये वेस्टफोल्ड टेकड्यांत डेव्हिस हे केंद्र उभे राहिले. आता नावांची नवी पिढी आली. ती जहाजांची आणि शास्त्रज्ञांची होती: ‘नेला डान’ जहाजावरून नेला फ्योर्ड, ‘थाला डान’वरून थाला फ्योर्ड, भूवैज्ञानिक पॅट्रिक क्विल्टीवरून क्विल्टी उपसागर. माझ्या मते ही नावे आधीच्यांपेक्षा जास्त प्रामाणिक आहेत, कारण ती तिथे खरोखर गेलेल्यांची आहेत.

एव्हाना कायदाही बदलला. डिसेंबर १९५९मध्ये बारा देशांनी अंटार्क्टिका करारावर सह्या केल्या आणि सगळे जुने दावे गोठवले. नाव दिले म्हणून जमीन मिळत नाही, हे तेव्हा ठरले. भारत त्या बारांत नव्हता. ह्या खंडाचा प्रश्न सगळ्या जगाचा आहे, तो संयुक्त राष्ट्रांपुढे यावा, असे भारताने १९५६मध्येच सुचवले होते. त्याला पाठिंबा मिळाला नाही. पण नकाशावर एक भारतीय नाव त्याच सुमारास पोचले. गिरिराज सिरोही हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९६०च्या आसपास अमेरिकन मोहिमेबरोबर तिथे प्रयोग करून आले आणि अमेरिकेच्या नामकरण समितीने एका खडकाळ टोकाला सिरोही पॉइंट म्हटले.

भारताची स्वतःची मोहीम निघाली ती गोव्याहून. ६ डिसेंबर १९८१ला मुरगाव बंदरातून ‘पोलारसर्कल’ हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज २१ जणांना घेऊन फारसा गाजावाजा न करता दक्षिणेकडे निघाले. प्रमुख होते सागरशास्त्रज्ञ सय्यद जहूर कासिम, जे आधी दोनापावलाच्या राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेचे संचालक होते. ९ जानेवारी १९८२ला पथक अंटार्क्टिकावर उतरले आणि २१ फेब्रुवारीला गोव्यात परतले. बर्फावरून हेलिकॉप्टरने त्यांनी शिरमाकरच्या टेकड्या गाठल्या होत्या. तिथे रशियन १९६१पासून आणि पूर्व जर्मन १९७६पासून मुक्कामाला होते, म्हणजे भारत उशिरा आलेला पाहुणा होता. दुसऱ्याच वर्षी, १९८३मध्ये, भारताला करारात स्थान आणि निर्णयात मत मिळाले.

तिसऱ्या मोहिमेत, १९८३-८४मध्ये, दोन स्त्रिया होत्या. नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि औंधच्या पंत घराण्यातल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत, आणि जादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. पंतांचे काम समुद्रातल्या सूक्ष्म जीवांवर होते. सेनगुप्तांनी शिरमाकरच्या खडकांच्या घड्या आणि थर पायी फिरून अभ्यासले. वैमानिकाने काही मिनिटांत पाहिलेल्या टेकड्यांच्या आत काय आहे, ह्याचा उलगडा अशा पायपिटीतून होत गेला. मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्थाही सुरुवातीपासून ह्या कामात आहे. कुलाब्याला १८४१पासून आणि नंतर अलिबागला चालत आलेल्या चुंबकीय नोंदींची परंपरा तिने ध्रुवाकडे नेली.

त्याच मोहिमेने बांधलेले पहिले केंद्र, दक्षिण गंगोत्री, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड लादीवर होते. ते दरवर्षी हिमाखाली खचत गेले आणि १९९०मध्ये सोडून द्यावे लागले. तोवर शिरमाकरच्या खडकावर मैत्री हे दुसरे केंद्र उभे राहिले होते. त्याच्या शेजारच्या तळ्याचे नाव प्रियदर्शिनी. भारतीय नावांपैकी ज्याच्यापुढे मी थांबतो ते मात्र वेगळे आहे. ८ जानेवारी १९९०ला वोलथाट पर्वतसमूहातल्या हम्बोल्ट डोंगरांत नवव्या मोहिमेच्या तळावर अपघात झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे तीन शास्त्रज्ञ आणि नौदलाचा एक संदेशवहन तंत्रज्ञ गेले. ते त्या डोंगरांचा नकाशा करायला आणि खडक वाचायला गेले होते. त्या जागेला इंडिया पॉइंट म्हणतात. तिथला स्मृतिफलक कराराच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे.

नव्या शतकात भारताने दुसऱ्या जागेचा शोध सुरू केला, आणि वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांची नजर लार्समन टेकड्यांवर ठरली. निवडीमागे सोयीइतकेच पुरातन नातेही होते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाच्या ह्याच बाजूला चिकटलेला होता, आणि पूर्व घाटातल्या खडकांशी तिकडच्या खडकांचे साम्य आहे. लासलगावच्या शिवारात पडलेले पावसाचे पाणी निफाड तालुक्यातून गोदावरीला मिळून राजमहेंद्रीपलीकडे ज्या किनाऱ्यावर समुद्रात पोचते, तो पूर्व किनारा हाच. आपल्या पायाखालचा काळा दगड मात्र ह्या नात्याहून लहान आहे. दख्खनचा लाव्हा ओतला गेला तो ताटातूट होऊन गेल्यावर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

लार्समन तोवर गजबजले होते. मिकेल्सननंतर पन्नास वर्षे तिथे तुरळक भेटींखेरीज काही घडले नव्हते, आणि १९८६ ते १९८९ एवढ्या काळात ऑस्ट्रेलियाचा लॉ तळ, सोव्हिएत प्रोग्रेस आणि चीनचे झोंगशान अशी केंद्रे ब्रोक्नेसवर हाकेच्या अंतरात उभी राहिली. चीनने आपली नावे दिली; एकाच भूभागाला दोन-तीन भाषांतली नावे झाली. ही सगळी नावे नोंदवणारा एकत्रित कोश शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९२पासून करायला घेतला. एका देशाचे नाव खोडून दुसऱ्याचे लिहायचे नाही, सगळी शेजारी शेजारी ठेवायची, हा त्याचा दंडक मला शहाणपणाचा वाटतो.

भारताने निवडलेली जागा क्विल्टी उपसागर आणि थाला फ्योर्ड ह्यांच्या मधल्या भूशिरावर होती. बांधण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा २००७मध्ये दिल्लीला भरलेल्या करार-परिषदेपुढे आला. त्याच परिषदेत लार्समन टेकड्यांना विशेष व्यवस्थापनाचे क्षेत्र ठरवण्यात आले. १८ मार्च २०१२ला भारती केंद्र सुरू झाले. १३४ मालवाहू कंटेनर जोडून ते उभारले आहे, म्हणजे कधी काढायचे झाले तर खडक जसाच्या तसा राहावा. आता तिथे उपग्रहांची माहिती उतरवून घेणारे भूकेंद्र आहे. ध्रुवांवरून फिरणारे दूरसंवेदन उपग्रह आपल्या बहुतेक फेऱ्यांत त्या टापूवरून जातात, आणि त्यांनी टिपलेली चित्रे तिथून भारतात पाठवली जातात. समुद्रविमानातून ज्या टेकड्यांची चित्रे काढली गेली, त्या टेकड्यांवर आता जगाची चित्रे उतरतात.

मोजमाप शिरमाकर आणि लार्समन अशा दोन्ही ठिकाणी चालू आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाने दोन्ही टेकड्यांचे तपशीलवार नकाशे केले. शिरमाकरला टेकणाऱ्या दक्षिण गंगोत्री हिमनदीच्या तोंडाची नोंद भूवैज्ञानिक १९८३पासून ठेवत आले आहेत. बर्फाची ती कड हळूहळू मागे सरकते आहे, आणि ती जागा भारताच्या सूचनेवरून संरक्षित केली गेली. लार्समनमध्ये स्टोर्नेसच्या खडकांत बोरॉन आणि फॉस्फरसची अशी दुर्मिळ खनिजे सापडली, की त्यांतल्या एकाला स्टोर्नेसाइट असे भूशिराचेच नाव दिले गेले. २०१४मध्ये त्या भूशिराला कडक संरक्षण मिळाले. ज्या खडकावर नॉर्वेच्या नकाशाकाराने न जाता नाव लिहिले होते, तिथे आता परवान्याशिवाय कोणत्याही देशाच्या माणसाला पाऊल टाकता येत नाही.